मिटवायची घाई नको

युवा कार्यकर्त्यांच्या कुठल्याही शिबिराचं वेळापत्रक घ्या. दुसऱ्या दिवशी, जेवणानंतरच्या सुस्तीत, ‘संवादकौशल्य आणि संघर्ष व्यवस्थापन’ नावाचं दीड तासाचं सत्र त्यात असतंच. बाहेरून वक्ते येतात. पडद्यावर संवादाचे प्रकार सरकतात, संवादातले अडथळे सरकतात, एखादा खेळ होतो, टाळ्या होतात, गटाचा फोटो निघतो. आठवड्याभरात तोच कार्यकर्ता वस्तीत जातो. सार्वजनिक नळावर दोन घरांची जुंपलेली असते. आणि तो तेच करतो, जे लहानपणापासून घरात आणि गल्लीत त्याने पाहिलेलं असतं. “जाऊ द्या ना काका, कशाला वाढवताय!” ज्याचा आवाज मोठा त्याला थोडं चुचकारायचं, आणि जी बाई आधीच गप्प आहे तिला आणखी थोडं गप्प करायचं. नळावरची गर्दी पांगते, आणि कार्यकर्त्याला वाटतं आपण भांडण मिटवलं.

प्रशिक्षणात मोडायची आहे ती ही सवय. विशी-पंचविशीतल्या कार्यकर्त्याने तंटे मिटवावेत अशी अपेक्षाच आपण करू नये. त्याच्याकडे ना वय असतं, ना अधिकार. त्याचं काम वेगळं आहे. दोन्ही बाजूंचं बोलणं तुटू न देणं, ज्याला बोलता येत नाही त्याला बोलण्याची जागा करून देणं, आणि प्रकरण हातघाईवर येण्याआधी योग्य माणसाला हाक मारणं. निर्णय ज्यांचा तंटा त्यांनी घ्यायचा, किंवा कायद्याने. ऐकायला हे काम हलकं वाटतं, पण प्रत्यक्षात ते मिटवामिटवीपेक्षा कितीतरी अवघड आहे. म्हणूनच ते दीड तासात शिकवता येत नाही.

हा लेख आहे तो असं प्रशिक्षण आखणाऱ्यांसाठी. महाविद्यालयातले राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, वस्तीपातळीवर काम करणाऱ्या संस्थांचे समन्वयक, किंवा आपल्या मंडळातल्या पोरांना जरा वळण लावावं असं वाटणारे जुने अध्यक्ष, यांच्यापैकी कोणीही.

आधी मांडणी. गट वीस-बावीस जणांचा असावा. तिसाच्या वर गेलात की मागची रांग तयार होते आणि मागच्या रांगेत कोणी काही शिकत नाही. सतरंजीवर गोल बसा. व्यासपीठ नको, माइक नको, दीपप्रज्वलन आणि प्रमुख पाहुण्यांचा परिचय तर मुळीच नको. संवादाच्या शिबिराचा पहिला तास जर कार्यकर्त्यांनी मुकाट ऐकण्यात घालवला, तर खरा धडा त्यांनी तिथेच घेतला म्हणायचं. दोन पूर्ण दिवस द्या आणि पुढचे सहा महिने दर महिन्याला एक संध्याकाळ. पैसे कमी असतील तर निवासी शिबिर रद्द करा, पण महिन्याची संध्याकाळ रद्द करू नका.

ऐकण्यापासून सुरुवात

कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला वादासाठी एक नियम सुचवला होता. समोरच्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना आपल्या शब्दांत मांडायची, आणि ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं त्याने कबूल केल्यावरच आपलं बोलायचं. सत्तर वर्षांत पुष्कळ नवी तंत्रं आली, पण या एका नियमाइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

सराव तिघांच्या गटात करा. एक बोलणार, एक ऐकणार, एक नुसतं पाहणार. विषय असा द्या की ज्यावर दोघांचं खरोखर जमत नाही. विसर्जन मिरवणुकीत डीजे असावा की नाही, गावच्या जत्रेची वर्गणी सक्तीने घ्यावी का, मंडळाच्या कार्यकारिणीत मुली नावापुरत्या का असतात. पहिल्याच फेरीत जातधर्माचे विषय काढू नका. गट अजून एकमेकांना पारखतो आहे. ऐकणाऱ्याने एवढंच करायचं: “म्हणजे तुझं म्हणणं असं, की…” आणि थांबायचं. बोलणारा मान हलवेपर्यंत पुढे जायचं नाही.

पाच मिनिटांत गंमत दिसू लागते. बहुतेक पोरं ‘म्हणजे तुझं म्हणणं असं की’ म्हणून सुरुवात करतात आणि वाक्य संपेपर्यंत उलटतपासणीवर येतात. काही जण लगेच धीर देतात: “अरे, एवढं काय त्यात!” काही जण स्वतःचा अनुभव काढतात: “आमच्याकडे तर याहून भारी झालं होतं.” काही सल्ला देतात. सल्ला देणारे हे सगळ्यांत चांगल्या मनाचे असतात आणि तेच सगळ्यांत कमी ऐकतात. तिसऱ्याने, म्हणजे पाहणाऱ्याने, यातलं काय घडलं ते नुसतं टिपायचं. चूक-बरोबर सांगायचं नाही. मग जागा बदला. तिन्ही फेऱ्या होईपर्यंत तास-सव्वा तास जातो, आणि तो घालवण्यासारखा आहे.

एक शंका हमखास येते. “म्हणजे आपण त्याचं मान्य केलं असं होत नाही का?” नाही होत. ‘तुझं म्हणणं मला कळलं’ आणि ‘मला ते पटलं’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे शिकवणाऱ्याने या वेळी स्पष्ट सांगावं. वस्तीत काम करताना कार्यकर्त्याला अशा कितीतरी माणसांचं नीट ऐकून घ्यावं लागतं ज्यांचं बोलणं त्याला अजिबात पटत नाही. मुलीचं लग्न सतराव्या वर्षी ठरवणारा बाप हे त्याचं नेहमीचं उदाहरण. त्याची भीती काय आहे हे ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याशी पुढचं बोलणं होतच नाही. आणि ऐकून घेतलं म्हणून ते लग्न कायदेशीर ठरत नाही.

टोमणा आणि तक्रार

मराठी माणूस भांडतो कमी, टोमणे जास्त मारतो. “आले का साहेब! आम्हाला वाटलं आता उद्याच्या बैठकीला येणार.” असं म्हणणाऱ्याला तक्रार करायची असते, पण तक्रारीची जबाबदारी नको असते. समोरचा चिडला तर ‘गंमत केली रे’ म्हणून सुटायची सोय असते. कार्यकर्त्यांच्या गटात हे विष फार हळू चढतं. म्हणून टोमण्याचं तक्रारीत रूपांतर करायला शिकवणं हा एक स्वतंत्र सराव ठेवा.

कार्यकर्त्यांना म्हणावं, गेल्या महिन्यात तुम्ही मारलेला किंवा खाल्लेला एक टोमणा चिठ्ठीवर लिहा, नाव न घालता. चिठ्ठ्या एकत्र करा. एकेक उचलून सगळ्यांनी मिळून ती तक्रारीच्या भाषेत लिहायची. मार्शल रोझेनबर्ग यांनी यासाठी चार पायऱ्या सांगितल्या आहेत: काय घडलं, त्याने मला काय झालं, मला कशाची गरज आहे, आणि माझी नेमकी विनंती काय. वरचा टोमणा मग असा होतो: “गेल्या तिन्ही बैठका साडेसहाला ठरल्या होत्या, तू सात वाजून गेल्यावर आलास. मला दोनदा सुरुवातीचं सगळं परत सांगावं लागलं, त्याचा वैताग आला. बैठक वेळेत संपली तर मला शेवटची बस मिळते. तुला साडेसहा जमत नसेल तर सांग, आपण वेळ बदलू.”

पोरं हसतील. ‘असं कोण बोलतं?’ म्हणतील. त्यांचं खरं आहे. चारही पायऱ्या ओळीने म्हटल्या की माणूस पाठ केल्यासारखा बोलतो. म्हणून चौकट पाठ करून घेऊ नका. एवढंच तपासायला सांगा की आपल्या वाक्यात ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘तुम्ही लोक’ हे शब्द आहेत का. असतील तर ते काढून त्या जागी तारीख, वेळ किंवा घडलेली गोष्ट घालायची. निम्मं भांडण तिथेच उतरतं, कारण ‘तू नेहमी उशिरा येतोस’ यावर वाद घालता येतो, तीन तारखांवर घालता येत नाही.

मैदानाचा प्रसंग

आता शिबिराचा गाभा. नाट्यप्रसंग सगळेच घेतात, पण बहुतेक वेळा ते पथनाट्यासारखे होतात: एक दुष्ट, एक गरीब बिचारी, आणि शेवटी शहाणा कार्यकर्ता येऊन भाषण करतो. ब्राझीलचे ऑगस्तो बोआल यांनी नाटकाची वेगळी रीत घालून दिली. प्रसंग चालू असताना पाहणाऱ्यांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणायचं, उठून त्या पात्राच्या जागी उभं राहायचं आणि स्वतःला सुचेल तसं करून पाहायचं. ही रीत वापरा. सरावासाठी रचलेला एक प्रसंग इथे देतो. आपापल्या भागाप्रमाणे तो बदलून घ्यावा.

वस्तीत एकच मोकळं मैदान आहे. संध्याकाळी तिथे मुलांचं क्रिकेट चालतं. गेल्या महिन्यापासून शाळा-कॉलेजच्या मुलींनी कबड्डीचा सराव सुरू केला आहे. काल चेंडू लागून एक मुलगी पडली, शिवीगाळ झाली. पात्रं पाच. प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं. कार्डाच्या पुढच्या बाजूला जे सगळ्यांना माहीत आहे ते, आणि मागच्या बाजूला जे फक्त त्यालाच माहीत आहे ते.

क्रिकेटचा कप्तान दिवसभर पार्सलं पोचवतो, पाच ते साडेसहा हीच त्याची मोकळी वेळ. मागच्या बाजूला: टेनिस बॉलच्या स्पर्धेची प्रवेश फी त्याने स्वतःच्या खिशातून भरली आहे, आणि पोरांसमोर माघार घेतली तर त्याचं कप्तानपद जाईल. कबड्डीच्या मुलींची पुढारी सतरा वर्षांची, घरी दिवेलागणीच्या आत परतायचं कबूल करून आलेली. मागच्या बाजूला: मैदानावर येताजाता मुलींवर शेरे मारले जातात, पण हे घरी कळलं तर खेळच बंद होईल म्हणून ती चारचौघांत बोलणार नाही. मैदानाला लागून राहणाऱ्या मावशींच्या खिडकीची काच दोनदा फुटली आहे. मागच्या बाजूला, घरात अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. चौथे ‘भाऊ’, ज्यांना पुढची निवडणूक लढवायची आहे आणि जे म्हणतात, “दोन मिनिटांत मिटवतो.” पाचवा कार्यकर्ता, त्याच्या कार्डाची मागची बाजू कोरी.

पहिल्या फेरीत काय होतं ते जवळपास ठरलेलं आहे. कार्यकर्ता सगळ्यांना मैदानाच्या मधोमध बोलावतो. प्रत्येकाला दोन मिनिटं बोलू देतो. मग तोडगा काढतो: मुली साडेपाचपर्यंत, मुलं त्यानंतर. भाऊ म्हणतात, “बघा, मिटलं.” सगळे माना डोलावतात. इथे शिकवणाऱ्याने प्रसंग थांबवून एकेका पात्राला एकच प्रश्न विचारावा: तुझ्या कार्डावरचं काय राहिलं? मुलगी सांगते, शेरे तसेच राहिले. उलट आता साडेपाचला मैदान सोडताना मुलांच्या घोळक्यातूनच जावं लागेल. कप्तान सांगतो, पोरांसमोर माझी गेली. मावशींना तर कोणी विचारलंच नाही.

मग दुसरी फेरी. या वेळी कार्यकर्ता आधी एकेकाला वेगळा भेटतो, आणि मैदानात नाही, टपरीवर. चार लोकांसमोर माणूस आपली बाजू मांडत नाही, आपली पत सांभाळतो. कप्तानाला ‘मुलींना खेळू द्या की’ म्हणून सुरुवात केली की तो अडून बसतो. “स्पर्धा कधी आहे दादा? सराव कसा चाललाय?” असं विचारलं की तो स्वतःच सांगतो, की स्पर्धेपर्यंतच ओढ आहे, नंतर आठवड्यातले काही दिवस सोडायला हरकत नाही, फक्त ते पोरांना आपण सांगितलं असं दिसावं, कोणी आपल्याला सांगितलं असं नको. मुलीशी बोलायला शक्यतो ताई-कार्यकर्ती असावी. आणि तिच्या तोंडी एक वाक्य पक्कं बसवा: “तू सांगितलंस त्यातलं मी कुठे काय बोलायचं, ते तू ठरव.”

मेरी पार्कर फॉलेट या विचारवंत बाईंनी 1925 साली एक साधा दाखला दिला होता. ग्रंथालयात एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्याला हवा हवी होती आणि त्यांना अंगावर झोत नको होता. खिडकीचा हट्ट दोघांचाही नव्हता. मागणीच्या मागे गरज असते ती शोधायची, हे यातून पोरांना पटकन कळतं. मात्र ग्रंथालयातली दोन माणसं एकाच पायरीवर उभी होती. मैदानावरच्या मुलीचं तसं नाही. शेरेबाजीवर ‘दोघांच्या सोयीचा’ तोडगा असू शकत नाही. ती थांबलीच पाहिजे, आणि ती थांबवण्याचं काम कप्तानाने अंगावर घेतलं तर सगळ्यांत बरं. हा फरक शिबिरात कोणी ना कोणी काढतोच. तिथे घाई करू नका. चहाची वेळ झाली तरी चर्चा चालू द्या.

पात्रं वाटताना एक पथ्य पाळा. दलित मुलाला दलिताची, मुस्लिम मुलीला मुस्लिम मुलीची, ज्याच्या घरी दारू आहे त्याला दारुड्याच्या मुलाची भूमिका देऊ नका. जे ती रोज जगतात, ते तुमच्या शिबिरात त्यांनी करून दाखवण्याची गरज नाही. प्रसंग संपल्यावर प्रत्येकाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा, जागा बदलायला लावा, पाणी द्या. भाऊंची भूमिका करणारा बराच वेळ भाऊच राहतो, असा अनुभव आहे.

संघर्ष हाताळण्याच्या पाच पद्धतींबद्दल विचाराल, तर थॉमस आणि किलमन यांची 1974 ची ती प्रसिद्ध वाटणी (टाळणं, नमतं घेणं, रेटणं, तडजोड, सहकार्य) प्रसंग झाल्यानंतर दहा मिनिटांत सांगा. आपण आत्ता काय केलं त्याला नाव मिळतं, एवढा तिचा उपयोग.

जिथे हात घालायचा नाही

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत, कोर्टकचेरी टळावी, हा हेतू चांगलाच होता, आणि बांधाची, वाटपाची कितीतरी भांडणं त्यातून सुटली. पण ज्या गावात तंटे मिटतील त्याला बक्षीस, असं ठरलं की न मिटणारा तंटा सगळ्या गावाच्या डोळ्यांत खुपू लागतो. मग तक्रार करणारीलाच ‘गावाचं नाव घालवू नको’ म्हणतात. युवा कार्यकर्ता हा बऱ्याचदा असा निरोप घेऊन जाणारा माणूस असतो. म्हणून कुठल्या गोष्टीत मध्यस्थी करायचीच नाही हे त्याला तोंडपाठ असलं पाहिजे, आणि हे सत्र हसतखेळत घेण्याचं नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे. ‘दोन्ही घरं बसून बोलतील’ हा पर्याय तिथे नाही. नवरा मारतो म्हणणाऱ्या बाईला समजूत घालून परत पाठवू नये. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, त्याचं नाव आणि कार्यालय तुमच्या तालुक्यात कुठे आहे हे शिबिराआधी शोधून फळ्यावर लिहा. जातीवरून अपमान, मारहाण किंवा रस्ता अडवणं यात 1989 चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. जातपंचायतीने वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा आहे. तो 2017 पासून अमलात आला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मुलांसाठी 1098, तातडीच्या मदतीसाठी 112. हे आकडे प्रत्येकाच्या फोनमध्ये शिबिरातच घालून घ्या; नंतर कोणी घालत नाही. कोणी दारू पिऊन किंवा हत्यार हातात घेऊन उभा असेल तर संवादकौशल्य दाखवायचं नाही. आपण मागे व्हायचं, बायकामुलांना बाजूला घ्यायचं, फोन लावायचा.

आणि काही संघर्ष असे असतात की ते थंड करणं हाच अन्याय. हे सांगायला महाडसारखं दुसरं उदाहरण नाही. चवदार तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने 1924 साली केला होता. कागदावर तंटा मिटला होता, दलितांना पाणी मात्र मिळत नव्हतं. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे भरलेल्या परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि जमावाने प्रतिनिधींवर हल्ला केला. माणसं जखमी झाली. बाबासाहेबांनी चिडलेल्या आपल्या लोकांना प्रतिहल्ल्यापासून आवरलं. पण पाण्याच्या हक्कावरून ते तसूभरही मागे आले नाहीत, आणि पुढे न्यायालयातही ती लढाई लढले. शांतता राखणं आणि अन्याय झाकणं यांतला फरक कार्यकर्त्यांना यावरून समजावता येतो. गटासमोर प्रश्न ठेवा: त्या दिवशी महाडात तुमच्यासारखा ‘जाऊ द्या ना’ म्हणणारा कार्यकर्ता असता, तर त्याने कोणाला गप्प केलं असतं?

अफवा

महाडात अफवेला तोंडोतोंडी फिरावं लागलं, आता तिला तेवढेही श्रम पडत नाहीत. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला, आठवडे बाजाराच्या दिवशी, पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ती मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर पोट भरणारी माणसं होती. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या आधी कितीतरी दिवस फोनवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

कार्यकर्त्याला अफवेशी लढायला तथ्यतपासणीच्या संकेतस्थळांची यादी देऊन भागत नाही. ग्रुपवर ‘हे खोटं आहे’ लिहिलं की वाद होतो, आणि मूळ चित्रफीत पुन्हा जोडून खोडून काढली तर तिचाच प्रसार होतो. त्याला तीन प्रश्न विचारायला शिकवा, तेही ग्रुपवर नव्हे, पाठवणाऱ्याला फोन करून: तू स्वतः पाहिलंस का? कोणत्या गावात? कधी? बहुतेक साखळ्या दुसऱ्या प्रश्नालाच तुटतात. मग पोलीस पाटलांना किंवा ठाण्यात कळवायचं. आणि गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा कोणाचा, एखाद्या अंगणवाडीताईंचा किंवा निवृत्त गुरुजींचा, अर्ध्या मिनिटाचा आवाज नोंदवून पाठवायचा. बोलीत. लिहिलेल्या खुलाशापेक्षा ओळखीचा आवाज लांब जातो.

पण ही माणसं आयत्या वेळी सापडत नाहीत. भिवंडीने 1970 आणि 1984 असे दोन मोठे दंगे पाहिले होते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढाऱ्यांच्या शांतता समित्यांसारख्या त्या नव्हत्या. रिक्षावाले, यंत्रमाग कामगार, दुकानदार अशी दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस नियमाने एकत्र बसत. विषय गटाराचे, विजेचे, किरकोळ भांडणांचे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी पेटली नाही. तुमच्या कार्यकर्त्यांना विचारा: शेजारच्या मोहल्ल्यातल्या, वेगळ्या धर्माच्या किती माणसांचे नंबर तुमच्याकडे आहेत, ज्यांना रात्री अकरा वाजता फोन करता येईल? ज्यांच्याकडे एकही नाही त्यांना पुढच्या महिन्याचं काम मिळालं.

आपल्याच सतरंजीवरची भांडणं

बाहेरचे तंटे हाताळणाऱ्या संस्था आतल्या भांडणाने फुटतात. मानधन कोणाला किती, बातमीत कोणाचं नाव, अहवालात कोणाचा फोटो, मोठ्या दादांच्या जवळचं कोण. या गोष्टी क्षुद्र आहेत असं म्हणून झटकू नका. बाविसाव्या वर्षी बिनपगारी काम करणाऱ्याची श्रेय हीच काय ती मिळकत असते.

यात खरी अडचण वरच्यांची आहे. आपल्याकडे ताई-दादा म्हणण्याची पद्धत आहे. तिच्यात माया आहे, आणि तिच्यातच तोंड बंद ठेवायची सोयही आहे. दादांना उलट कसं बोलायचं? म्हणून शिबिरात वरिष्ठ बसणार असतील तर त्यांना नवख्या कार्यकर्त्याची भूमिका द्या आणि नवख्याला समन्वयक करा. वरिष्ठांना हे मान्य नसेल तर त्यांनी त्या सत्रापुरतं बाहेर फिरून यावं. तक्रार कोणाकडे करायची, आणि तक्रार समन्वयकाबद्दलच असेल तर कोणाकडे, हे कागदावर लिहून भिंतीवर लावलेलं असावं. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती 2013 च्या कायद्याने सक्तीचीच आहे. अनेक संस्था हे ‘आपण तर कुटुंबच’ म्हणून विसरतात.

आणखी एक नियम, जो लगेच लावता येतो: व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर भांडायचं नाही. राग आला तर फोन, फोनवर जमत नसेल तर भेट. रात्री दहानंतर कोणी लांबलचक संदेश लिहू लागला तर गटातल्या कोणीही एवढंच लिहायचं, “उद्या भेटू.”

शिबिरानंतर

महिन्याच्या संध्याकाळी दोन तासांत एकच प्रसंग घ्या, कोणाचा तरी खरा. नावं बदलून, गावाचं नाव न घेता. कार्यकर्त्याने काय घडलं ते सांगायचं, बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, पहिला अर्धा तास सल्ला बंद. मग तो प्रसंग मैदानाच्या प्रसंगासारखा उभा करायचा. एक वही ठेवा: कोणता तंटा, कोण कोण बोललं, कोण बोललं नाही, पुढे कोणाकडे पाठवला. देणगीदारांच्या अहवालात यातला मजकूर जाणार नाही हे आधीच ठरवा. समेटाच्या वेळचे फोटो काढू नका. हस्तांदोलनाचा फोटो दुसऱ्या दिवशी दोघांनाही नको असतो.

प्रशिक्षण उपयोगी पडलं का, हे शिबिराच्या शेवटी भरून घेतलेल्या फॉर्मवरून कळत नाही. तिथे सगळे ‘खूप छान’ लिहितात. तीन महिन्यांनी वहीतले दोन-चार तंटे काढा आणि कार्यकर्त्याला नाही, त्या तंट्यातल्या दुबळ्या बाजूला जाऊन भेटा. ‘तुमचं सगळं बोलून झालं होतं का?’ एवढंच विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, चहाचा दुसरा कपही होईल. शक्य असेल तर हे विचारायला दुसऱ्या संस्थेतल्या कोणाला पाठवा, कारण तुमच्या तोंडावर कोणी तुमच्या पोराबद्दल वाईट बोलणार नाही.

आणि कार्यकर्ते जोडीने पाठवा. एकटा कार्यकर्ता तंट्यात गेला की त्याच्यावर बाजू घेतल्याचा आळ येतो आणि रात्री घरी गेल्यावर त्याच्याशी बोलायला कोणी नसतं. जोडीतला दुसरा ऐकतो, टिपतो, आणि परतीच्या वाटेवर विचारतो, “तू तिथे एवढा का चिडलास?” धमकी आली, पाठलाग झाला, तर ती वैयक्तिक बाब नाही, त्याच दिवशी संस्थेने लेखी तक्रार द्यायची, आणि त्या कार्यकर्त्याला काही आठवडे दुसऱ्या भागात काम द्यायचं. हे शिबिराच्या पहिल्याच सकाळी सगळ्यांना, त्यांच्या पालकांनाही, सांगून टाका.